हेंड्रिकचा दहावा

शनिवारी सकाळी साडेदहाला हेंड्रिक गेल्याचं पुष्पावतीला कळलं आणि तिनं पहिल्या शिट्टीच्या आतच कुकर खाली उतरवला. घरातलं माणूस गेलं तर चूल पेटवत नाहीत. हेंड्रिक घरातला नव्हता हे खरं. तो हॉलंडमधल्या हेनीचा होता, आणि हेनीलाही पुष्पावतीनं जन्मात पाहिलं नव्हतं. पण डोळ्यांना हे समजावून सांगेपर्यंत ते वाहायला लागले होते.

सगळं त्या कॉम्प्युटरमुळे झालं. मुलगा अमृत इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि जाताना आपला जुना कॉम्प्युटर नगरमधल्या सावेडीच्या घरी सोडून गेला. सोपानरावांनी, म्हणजे पुष्पावतीच्या यजमानांनी, त्याच्यावर टॉवेल टाकला. ते श्रीगोंद्याकडच्या एका साखर कारखान्यात ऊस विभागात होते. सोमवारी जायचे, शनिवारी यायचे. मधले पाच दिवस पुष्पावती, पाटबंधारे खात्यातलं टायपिंग आणि भिंतीवरचं घड्याळ. एका रविवारी तिनं टॉवेल काढला.

आता सावेडीतल्या टायपिस्ट बाईला बाख नावाचा जुना जर्मन संगीतकार कुठून ठाऊक, असं कुणीही विचारेल. पुष्पावतीलाही तो ठाऊक नव्हता. ती ज्या इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंग शिकली तिथले सर पोरींच्या बोटांना ठेका यावा म्हणून रेकॉर्ड लावायचे. एकसारखं, नेटकं, दम न खाता चालणारं संगीत. त्याच्या तालावर बोटं आपोआप धावायची. वीस वर्षं पुष्पावती त्याला 'टायपिंगचं संगीत' म्हणत होती. मग इंटरनेटवर कळलं की त्याला बरोक, म्हणजे बाखच्या काळातलं युरोपातलं संगीत, म्हणतात, आणि जगात ते ऐकून डोळे पुसणारी माणसं आहेत. टायपिंगचा स्पीड वाढवायला कुणीच ऐकत नाही.

अशा अठरा-वीस जणांचा ईमेलवर एक गट होता. नियम तीनच. काय ऐकलं ते सांगायचं, मन खचलं की काय खाता ते सांगायचं, आणि कुणी खचलं तर त्याला एकटं सोडायचं नाही. स्कॉटलंडचा एक निवृत्त पोस्टमन ओटच्या लापशीचे गोडवे गायचा. पुष्पावतीनं मुगाच्या खिचडीची कृती पाठवली होती, तीसुद्धा 'विषय', 'संदर्भ' घालून आणि शेवटी 'माहितीस्तव सविनय सादर' लिहून. तिचं इंग्रजी ऑफिसातलं. कालव्याच्या दुरुस्तीबद्दल ती झरझर लिहायची, पण मनातलं लिहायला बसली की पहिला शब्द 'उपरोक्त' यायचा. ती माणसं मात्र हसली नाहीत. हेनीनं ती खिचडी करून खाल्ली आणि 'कार्यवाही पूर्ण, वाटी रिकामी' असं कळवलं.

मागल्या वर्षी पुष्पावतीची आई गेली तेव्हा पंधरा दिवस ती कुणाशी धड बोलली नव्हती. त्या वेळी हेनीनं पोस्टानं एक कॅसेट पाठवली. स्वतः हार्पसिकॉर्ड वाजवून टेप केलेली. हार्पसिकॉर्ड म्हणजे पेटीनं सतारीशी संसार मांडला तर जे होईल ते. त्या कॅसेटमध्ये मधूनच कुणीतरी घशातल्या घशात घरघरल्यासारखा आवाज यायचा. 'हेंड्रिककडे लक्ष देऊ नकोस,' हेनीनं लिहिलं होतं, 'मी वाजवायला बसले की तो जवळ येऊन बसतोच.'

हेंड्रिकबद्दल ती पुष्कळ लिहायची. त्याला रोज मासे लागतात. समोर ठेवले की एकदम उचलतो, कुणाकडे न बघता. पाहुणे आले की आत निघून जातो. हाक मारली तर ऐकू येऊनही येत नाही. दिवसभर खिडकीत बसून रस्ता बघतो. पुष्पावती वाचायची आणि मान हलवायची. तिकडचे नवरेही असेच म्हणायचे! आपले मासे खात नाहीत, एवढाच फरक. पण बायको वाजवताना जवळ येऊन बसतो, हे वाचलं की तिला जरा हेवाच वाटायचा. सोपानराव ती कॅसेट लागली की म्हणायचे, "बारीक कर जरा, बातम्या लागल्यात."

आणि आता हेनीची चार ओळींची मेल. 'परवा हेंड्रिक गेला. माझ्या मांडीवर. घर फार मोठं झालंय. तेव्हापासून घशाखाली काही उतरत नाही.'

खाली पोस्टमनची सूचना होती. आज हेनीच्या दुपारच्या अडीचला सगळ्यांनी एकाच वेळी आपापल्या घरी ऑर्गनवरची एक संथ रचना लावायची आणि तिला दोन ओळी लिहायच्या. ती कॉम्प्युटरसमोर बसून राहील. तिचे अडीच म्हणजे नगरचे संध्याकाळचे सात.

दोन ओळी! पुष्पावती लिहायला बसली. 'उपरोक्त विषयास अनुसरून, आपल्या यजमानांच्या निधनाचे वृत्त प्राप्त झाले.' खोडलं. 'सदरहू दुःखद घटनेची नोंद घेण्यात आली असून...' तेही खोडलं. आई गेली तेव्हा जिनं आपल्याला सावरलं तिला सात वाजता आपण परिपत्रक पाठवणार, या विचारानं तिला आणखीच रडू आलं. सूर सापडावा म्हणून तिनं ऑर्गनची कॅसेट मोठ्यानं लावली.

नेमकी तेव्हाच शेजारची विमलबाई वाटी घेऊन आली.

"पुष्पाताई, इरजण हाय का थोडं..." ती दारातच थांबली. "आगं बाई! काय झालं?"

"गेले हो, विमलबाई." मैत्रिणीच्या नवऱ्याला अरे-तुरे कसं करायचं? "आज कळलं. बाई अगदी एकटी पडली हो."

विमलबाईनं एकदा नजर फिरवली. लाल डोळे. खाली उतरवलेला कुकर. सोपानराव गावाला. आणि टेपवर तसली ती भरून येणारी धून.

"समद्यांना कळवलं का?"

"कळलंय सगळ्यांना. सातला जमणार आहेत."

अशा वेळी जास्त विचारत नाहीत. विमलबाईनं पदर तोंडाला लावला. "तुमी बसा. कशाला हात लावू नका. मी बघते समदं." आणि विरजण न घेताच गेली. पुष्पावतीला भरून आलं. हॉलंडच्या माणसासाठी इतकं वाईट वाटून घेणारी शेजारीण कुणाला मिळते! ती पुन्हा इंटरनेट जोडून बसली. इतरांनी काय काय लिहिलंय ते बघून दोन ओळी जमतात का, ते पाहू म्हणून.

विमलबाईनं 'समदं बघितलं' म्हणजे आधी गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या कानिफनाथांना गाठलं. कानिफनाथ एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. माणसं गोळा करून नेणं एवढं एकच काम त्यांनी तीस वर्षं केलं होतं आणि निवृत्तीनंतर त्यांना त्याची फार चुटपुट लागायची. त्यांनी कोपऱ्यावरच्या पीसीओवरून सोपानरावांच्या थोरल्या बहिणीला, चांगुणाबाईंना, श्रीगोंद्याला फोन लावला.

"आत्ताच्या आत्ता निघा."

"काय झालं?"

"फोनवर न्हाई सांगत."

याच्यापेक्षा जास्त काय सांगायचं असतं? चांगुणाबाईंनी तरी धीर धरून भावाच्या घरी फोन लावला. एंगेज. पाच मिनिटांनी लावला, एंगेज. दुपारभर एंगेज. ज्या घरचा फोन दिवसभर लागत नाही त्या घरातून सगळीकडे निरोप चाललेले असतात, हे त्यांना ठाऊक होतं. तो निरोपाला नसून इंटरनेटच्या मोडेमला गुंतलाय, हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. कारखान्यात विचारलं, तर सोपानराव सकाळीच एका टेम्पोतून नगरला निघाले होते. टेम्पो म्हटल्यावर तर सगळंच जुळलं.

इकडे साडेपाचला पुष्पावती पाणी प्यायला म्हणून आतल्या खोलीतून बाहेर आली, तर हॉलमध्ये सतरंजी, सतरंजीवर अकरा बायका, आणि कोपऱ्यात झाकलेली तीन पातेली. पिठल्याचा वास दरवळत होता.

"एवढं कशाला केलंत सगळ्यांनी?"

"आसू द्या," विमलबाई म्हणाली. "आपलंच मानूस."

"तुम्ही तर कुणी त्यांना पाहिलंसुद्धा नव्हतं, तरी..."

"न्हाई कसं?" समोरच्या भीमाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "गेल्या रविवारी आमच्या दारावरून स्कूटर ढकलत नेली की त्यांनी. मी म्हनलं, पेट्रोल संपलं का? तर नुस्तं हसले बिचारे."

भीमाबाईंना दुःखाचा धक्का फार लागलाय, असं पुष्पावतीला वाटलं. तिनं त्यांच्या हातात पाण्याचा पेला दिला. तेवढ्यात फाटकापाशी जीप थांबली आणि चांगुणाबाईंचा आवाज आधी आला, त्या नंतर.

"वयनी गंऽऽ! माझा सोपानऽऽ! सकाळी माझ्या हातचा चहा पिऊन गेला गंऽऽ!"

पुष्पावती दाराकडे धावली.

"काय झालं ह्यांना?"

"आता तूच सांग की, काय झालं!"

"मला काय माहीत? कुणी सांगितलं तुम्हाला?"

पण चांगुणाबाई सांगण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. त्यांनी पुष्पावतीच्या गळ्याला मिठी मारली, आणि पुष्पावतीनं, जी सकाळपासून हेनीच्या नवऱ्यासाठी रडत होती, आता स्वतःच्या नवऱ्यासाठी टाहो फोडला. अकरा बायकांनी साथ दिली. टेपवर ऑर्गन पुन्हा सुरू झाला.

सोपानराव नेमके याच वेळी आले. टेम्पोचं टायर वाटेत पंक्चर झालं होतं, मग नगरला आल्यावर त्यांनी दाढी-कटिंग करून घेतली होती, म्हणून उशीर. हातात काकवीची बरणी. फाटकात त्यांना पाचपन्नास चपला दिसल्या. कुंपणाला टेकवलेले दोन नवे बांबू दिसले, शेजारी सुतळी सोडवत बसलेले पाठमोरे कानिफनाथ दिसले. आतून रडणं आणि बायकोची ती नावडती धून ऐकू आली. घरात तर बायको एकटीच होती. सोपानरावांच्या हातातून बरणी सुटली.

"पुष्पेऽऽ!"

बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला चारचौघांत नावानं हाक मारली नव्हती. 'अगं ए' आणि 'ऐकलं का' यांच्यावर भागलं होतं. आता ते चपलांसकट आत शिरले आणि सतरंजीच्या कडेला मटकन बसून, नव्या दाढीवरून पाणी ओघळत, म्हणाले, "सोमवारी निघताना बोललोसुद्धा न्हाई गं तुझ्याशी... कॅसेट बारीक कर म्हनालो..."

बायकांच्या मधून पुष्पावती उभी राहिली. पदर खांद्यावर नाही, कुंकू विस्कटलेलं.

"अहो, मी इथं आहे."

सोपानरावांनी वर पाहिलं. चांगुणाबाईंनी मागे पाहिलं. मग त्या उठल्या, धाकट्या भावाजवळ गेल्या आणि हातातल्या पिशवीनं त्याच्या पाठीत एक ठेवून दिली.

"मुडद्या, जित्ता हाईस व्हय!"

"मी कशाला मरू, आक्का?"

"मग मेलं कोन?" दारातून कानिफनाथांनी विचारलं. त्यांच्या हातात सुतळी तशीच होती आणि आवाजात आनंद होता, पण थोडी निराशाही होती.

सगळ्यांच्या नजरा पुष्पावतीकडे वळल्या. जमीन दुभंगली असती तर ती कॉम्प्युटरसकट आत गेली असती. तिनं सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच कळत होतं की हे किती हास्यास्पद आहे. हॉलंड म्हणून देश, तिथं हेनी म्हणून बाई, तिनं पाठवलेली कॅसेट, तिचा हेंड्रिक, आणि सातला लिहायच्या दोन ओळी, ज्या सकाळपासून जमत नाहीयेत.

"म्हंजी," चांगुणाबाई सावकाश म्हणाल्या, "आमी साठ किलोमीटर रडत आलो ते एका गोऱ्याच्या मागं?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. पुष्पावतीनं मान खाली घातली. उद्या सगळ्या सावेडीत हीच गोष्ट. सोमवारी ऑफिसात. पण त्याहून वाईट म्हणजे घड्याळात सातला दहा कमी होते, आणि हेनी तिकडे एकटी पडद्यासमोर बसली असणार.

"जेवली का ती?" विमलबाईनं विचारलं.

"कोण?"

"तीच, हेनीबाई. जेवली का?"

"नाही. परवापासून काही उतरत नाही म्हणाली."

"मग तेच इचारा की!" विमलबाई उठून उभी राहिली. "आमचे मालक गेले तवा शंभर मानूस येऊन रडून गेलं. जेवली का म्हनून इचारलं एकीनंच. तुमच्या आईनं. मला अजून ध्यानात हाय. चला, कुठं हाय ते यंत्र?"

सगळी सतरंजी आतल्या खोलीत आली. पुष्पावतीनं इंटरनेट जोडलं. मोडेम किरकिरला तसे भीमाबाईंनी हात जोडले. सातला पुष्पावतीची बोटं धावू लागली आणि पहिल्यांदाच 'उपरोक्त' आलं नाही. विमलबाई सांगत गेली, ती लिहीत गेली. 'हेनी, माझ्या घरी आत्ता बारा बायका बसल्यात. सगळ्या तुझ्यासाठी रडल्यात.' ("हे खरंच हाय," चांगुणाबाई म्हणाल्या.) 'शेजारच्या विमलबाई विचारतात, जेवलीस का? तुझ्या वाटचं पिठलं झाकून ठेवलंय. इतक्या लांब येणार नाही, तर तिथं जे असेल ते दोन घास खा. आम्ही इथं तुझ्याबरोबर खातो.'

मग खरोखरच ताटल्या आल्या. कानिफनाथांनाही बोलावलं. पिठलं-भाकरी खाऊन होतेय तोवर पडद्यावर उत्तर आलं. त्याबरोबर एक फोटो होता.

"हेंड्रिकचा फोटो पाठवलाय," पुष्पावती म्हणाली. बायकांनी पदर सावरले, खरकटे हात पाठीमागे घेतले.

त्या काळात फोटो वरून खाली, दोऱ्या-दोऱ्यानं उतरायचा. आधी छत आलं. मग खिडकीचा पडदा. "घर चांगलं हाय," भीमाबाई म्हणाल्या. मग हार्पसिकॉर्डचं उघडं झाकण. त्याच्यावर काहीतरी करड्या रंगाचं, टोकदार. एक. पलीकडे दुसरं.

"थंडीचा मुलूख," चांगुणाबाई म्हणाल्या. "कानटोपी हाय."

पुष्पावती पडद्याच्या आणखी जवळ सरकली. ती टोकं अर्ध्या बोटाएवढी खाली आली. त्यांच्या आतली केसाळ गुलाबी बाजू दिसली. रोज लागणारे मासे, आत निघून जाणं, हार्पसिकॉर्डजवळची ती घरघर, सगळं एकेक करून तिच्या डोळ्यांसमोरून गेलं. दीड वर्षं! दीड वर्षं आपण या माणसाचा, या... याचा हेवा करत होतो!

आणखी दोन दोरे, की डोळे येणार होते. मिशा येणार होत्या.

तेवढ्यात बाहेर सोपानरावांनी रिसीव्हर उचलला. चांगुणाबाईंचे यजमान दुसऱ्या जीपमध्ये माणसं भरून निघायच्या बेतात होते, त्यांना 'मी जिवंत आहे' म्हणून कळवायला हवंच होतं. लाईन तुटली. फोटो कानांवर थांबला.

"गेला का?" विमलबाईनं विचारलं.

"गेला," पुष्पावती म्हणाली, आणि बावीस वर्षांत सोपानरावांचा इतका आधार तिला कधी वाटला नव्हता.

"जाऊ द्या. कपाळ बघूनच कळतंय, भला मानूस हुता. वय काय हुतं ओ?"

"म्हातारे होते."

"पोरंबाळं?"

"असतील... कुठं कुठं."

सगळे गेल्यावर तिनं फोटोबरोबरची मेल वाचली. हेनीनं लिहिलं होतं, 'चौदा वर्षं होता. ऑफिसात सांगितलं तर लोक हसले, म्हणून मी कुणासमोर रडले नाही. तुझ्या विमलबाईंचा प्रश्न वाचला आणि उठून ब्रेडचे दोन तुकडे खाल्ले. त्यांना सांग, जेवले.' पुष्पावतीनं ते पुन्हा वाचलं. मग 'यजमान' शब्द लिहून खोडलेली सकाळची ओळ शोधून नीट पुसून टाकली. बाहेर येऊन तिनं हेनीची कॅसेट लावली. सोपानराव न सांगता जवळ येऊन बसले आणि तिसऱ्या मिनिटाला घोरायला लागले. घरघर ओळखीची वाटली.

विमलबाईला निरोप मिळाला, 'जेवली.' तिनं तो गल्लीभर पोचवला. पण प्रकरण तिच्या लेखी संपलं नव्हतं. पुढच्या शनिवारी सकाळी ती ताटली घेऊन हजर.

"आज त्यांचा दहावा. तिकडं कावळं असतील-नसतील, आपन इथनं करू. काय आवडायचं त्यांना?"

निदान इथं तरी खोटं बोलायला नको, म्हणून पुष्पावती म्हणाली, "मासे."

विमलबाईनं बाजारातून सुके बोंबील आणून खरपूस तळले आणि कंपाउंडच्या भिंतीवर पानावर ठेवले. भीमाबाई आल्या. कानिफनाथ आले. या खेपेला शुक्रवारी रात्रीच आलेले सोपानराव खिडकीत बसून रस्ता बघत होते. समोरच्या तारेवर तीन कावळे होते, पण एकही खाली येईना.

"मन अडकलं असंल कशात," भीमाबाई म्हणाल्या.

"बायकूत, दुसरं कशात?" विमलबाईनं हात जोडले, आकाशाकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "हेंड्रिकराव, हेनीबाईची काळजी करू नका. आमी रोज इचारू तिला, जेवली का म्हनून. शब्द हाय आमचा."

भिंतीच्या टोकाला काहीतरी हललं. गल्लीतला तो करडा बोका, ज्याला सगळे दगड मारायचे, भिंतीवरून शांतपणे चालत आला, बोंबील तोंडात धरला आणि पलीकडे उडी मारून गेला.

"मेला! आता गं बाई!" विमलबाई रडकुंडीला आली. "कावळ्याच्या आधी बोक्यानं शिवलं! आता कसं पोचायचं त्यांना?"

"पोचलं, विमलबाई."

"तुमाला कसं ठावं?"

"ते असंच उचलायचे," पुष्पावती पदरानं डोळे टिपत म्हणाली. "एकदम. कुणाकडे न बघता. हेनीनं लिहिलं होतं."